निवाडा विरुद्ध गेला, आता अपील?

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतले टॉवेलवाले माझे अशील. सूत खरेदीच्या करारात तळाला बारीक अक्षरात लवादाचं कलम असतंच, म्हणजे वाद कोर्टाऐवजी खाजगी पंचाने (लवादाने) मिटवायचा. लवादाचा निवाडा विरुद्ध गेला की म्हणतात, "वकीलसाहेब, वर जाऊ की! तिथं सगळं परत तपासतील."

नाही तपासत. १९९६ च्या लवाद कायद्याच्या कलम ३४ खाली कोर्टाने निवाडा रद्द करायची कारणं मोजकी. अर्जाची मुदत तीन महिने. पटणारं कारण असेल तर आणखी ३० दिवस, पुढे एक दिवसही नाही. त्या निकालावरचं कलम ३७ चं अपील त्याहून अरुंद, पुरावा नव्याने तोलत नाहीत. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवाड्यात दुरुस्तीची मुभा दिली, तीही मर्यादित.

समोरच्याने कोर्टात दावा लावला आणि तो वाद लवादाकडे न्यायचा असेल तर कलम ८. कोर्टाने पाठवायला नकार दिला तर अपील आहे, पाठवलं तर नाही!

२०१५ च्या कायदा-दुरुस्तीपासून कलम ३४ च्या नुसत्या अर्जाने निवाड्याची वसुलीही थांबत नाही. स्थगिती वेगळी मागायची, आणि बहुधा रक्कम भरायला लागते. छोट्या यंत्रमागधारकाचं त्यात कंबरडं मोडतं, हे मला फार बोचतं.

ऑगस्ट २०२५ पासून आपली अपिलं मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचकडे जातात, मुंबईची खेप वाचली. मात्र करारात लवादाचं ठिकाण कोइम्बतूर ठरवलं असेल, तर कोर्टही तिकडचंच.