काटा हलला नाही तरी

शाळेच्या आठवणींत गॅदरिंग आणि मधल्या सुट्टीतल्या चिंचांवर बाकीचे लिहितीलच, म्हणून मी भूगोलाच्या खोलीवर लिहिते. तिथे भिंतीवर निर्द्रव वायुभारमापक, म्हणजे हवेचा दाब काट्याने दाखवणारं यंत्र, होता. प्रार्थना झाली की पाळी असलेल्या मुलीने आकडा वहीत उतरवायचा. काटा महिनाभर जागचा हलत नसे, पण बाई ऐकायच्या नाहीत. कालचाच आकडा असला तरी आजच्या तारखेसमोर लिहायचा. आम्हाला तो शुद्ध छळ वाटे.

क्रकाटोआ हा इंडोनेशियातला ज्वालामुखी मी पहिल्यांदा बाईंच्याच तोंडून ऐकला. 27 ऑगस्ट 1883 चा तो स्फोट सुमारे 4,800 किलोमीटरवरच्या, हिंदी महासागरातल्या रॉड्रिग्ज बेटापर्यंत ऐकू गेला. माणसांना ऐकू आला नाही तिथे वायुभारमापकांनी टिपला. स्फोटाची वाट बघत कोणीच बसलं नव्हतं, रोजची नोंद चालू होती एवढंच. पुढे लंडनच्या रॉयल सोसायटीने देशोदेशीचे आलेख गोळा केले, तेव्हा दाबाची तीच लाट पृथ्वीला फेऱ्या घालत काही ठिकाणी सात वेळा उमटल्याचं दिसलं.

15 जानेवारी 2022 ला पॅसिफिकमधल्या टोंगा देशाजवळचा हुंगा टोंगा–हुंगा हाआपाई हा समुद्रातला ज्वालामुखी फुटला आणि अगदी तसंच घडलं. सेकंदाला तीनशेहून जास्त मीटर वेगाने निघालेली लाट त्याच रात्री भारतातल्या उपकरणांवर दिसली. दाब जेमतेम एक-दोन हेक्टोपास्कलने हलला. आमच्या शाळेच्या काट्याला ते कळलंही नसतं!

चोरून कोणी अणुचाचणी करतंय का, हे ऐकायला जगभर अवश्राव्य ध्वनीची केंद्रं उभारलेली आहेत. 20 हर्ट्झच्या खालचा, आपल्या कानांना न कळणारा आवाज ती पकडतात. एकाच केंद्रातल्या संवेदकांवर लाट थोडी मागेपुढे पोचते. त्या फरकावरून दिशा कळते आणि दोन-तीन केंद्रांच्या दिशा नकाशावर जिथे छेदतात तिथे उगम. टोंगा सगळ्या 53 केंद्रांना ऐकू आला.

राखेच्या ढगाची उंची मात्र नेहमीच्या रीतीने निघेना. ढगमाथ्याच्या तापमानावरून ती काढतात, पण स्थितांबरात, म्हणजे आपल्या हवामानाच्या थराच्या वरच्या थरात, वर जाताना हवा पुन्हा तापत जाते, त्यामुळे एकच तापमान दोन उंचींवर सापडतं. शेवटी तीन उपग्रहांनी वेगवेगळ्या कोनांतून घेतलेली छायाचित्रं जुळवली. उंची निघाली 57 किलोमीटर, म्हणजे स्थितांबराच्याही वरच्या थरात, थेट मध्यांबरात.

मोठ्या उद्रेकानंतर गंधकाच्या धुक्याने पृथ्वी थोडी थंड होते, हे आम्ही परीक्षेत लिहिलेलं उत्तर. टोंगाने गंधक थोडंच सोडलं. समुद्राच्या पाण्याची वाफ मात्र इतकी वर फेकली, की स्थितांबरातली एकूण वाफच दहाएक टक्क्यांनी वाढली.