लायकेनवाली आरसी: 'क' का चुकतो ते एकदाचं कळलं!

सुटला! मागच्या अपडेटपासून आरसीतल्या (रीडिंग कॉम्प्रिहेन्शन, उतारा वाचून प्रश्न सोडवायचे) लायकेन, म्हणजे दगडफुलाच्या पॅसेजच्या पाचव्या प्रश्नावर अडकले होते, तीनदा सोडवला आणि तिन्ही वेळा 'क' पर्यायच मारला. बाकीचे प्रश्न आरामात गेले.

प्रश्न वीकनवाला, म्हणजे दिलेला दावा कशाने कमकुवत होतो ते ओळखायचा. दगडावरच्या सगळ्यात मोठ्या लायकेनचा व्यास मोजून तो दगड कधी कोसळला ते काढतात, तर या पद्धतीला सगळ्यात जास्त धक्का कशाने बसेल? 'क' म्हणतो की लायकेन सुरुवातीला भरभर वाढतं, मग मंदावतं. आणि हे खरंही आहे हो, ऱ्हायझोकार्पॉन जिओग्राफिकमचं, तो पिवळसर हिरवा नकाशासारखा दिसतो ना, त्याचं असंच असतं. मग वेगच बदलला तर हिशोब बिघडणार नाही का? उत्तरसूचीत नुसतं 'आउट ऑफ स्कोप', असल्या एका ओळीच्या स्पष्टीकरणाचा मला मनापासून राग येतो, त्यातून शिकायचं काय?

काल टायमर बंद करून पॅसेज नुसता वाचत बसले आणि दुसऱ्या परिच्छेदात सापडलं. वाढीचा आलेख आधी तारीख माहीत असलेल्या दगडांवरून काढतात, जुन्या थडग्यांवरून वगैरे. म्हणजे सुरुवातीची जलद वाढ, लायकेन रुजायला लागणारी वर्षं, सगळं त्या आलेखात आधीच धरलेलं! जे थडग्यावरही तसंच घडतं त्याने पद्धतीचं काही बिघडत नाही, बिघडतं ते फक्त मोजायच्या जागी काही वेगळं घडलं तर. 'इ' तेच सांगतो, डोंगरावर बर्फ थडग्यांपेक्षा खूप जास्त दिवस साचून राहतं, मग वाढ खुंटते आणि वय कमी येतं. इतकं छान वाटलं ना!

'ब'चंही कोडं सुटलं, काही दगड जुनं लायकेन अंगावर घेऊनच पडतात तो. बुल आणि ब्रँडन या संशोधकांनी १९९८ मध्ये न्यूझीलंडच्या सदर्न आल्प्समधल्या भूकंपांसाठी एकेका दगडावर भिस्त ठेवलीच नव्हती, ढीगभर दगड मोजून एकाच मापाची लायकेन कुठे गर्दी करतात ते पाहिलं, त्यात चार-दोन जुनी आली तरी फरक पडत नाही.

आता रेडिओकार्बनचा (कार्बनवरून जुन्या वस्तूंचं वय काढायच्या पद्धतीचा) पॅसेज घेणार होते, पण लिहिता लिहिता लक्षात आलं, तिथेही वय माहीत असलेल्या वृक्षवलयांवरून कॅलिब्रेशन, म्हणजे मोजमाप जुळवून घेणं असतंच की! म्हणजे हीच चाचणी चालेल. मग आधी एरर लॉगमधले (चुकलेल्या प्रश्नांच्या नोंदीतले) सगळे जुने वीकनवाले काढते, प्रत्येक ऑप्शनपुढे 'हे आलेखात आधीच आहे का' एवढंच लिहिणार. रेडिओकार्बन त्यानंतर.