धोंडीवर ओतलेलं पाणी

काल दुपारी आमच्या गल्लीत पाऊस मागायला धोंडी आली. कमरेला कडुनिंबाचा पाला बांधलेली सात-आठ पोरं, दोघांच्या खांद्यावर मुसळ आणि मुसळाला बांधलेलं मातीचं बेंडूक. जिवंत बेडूक बांधायचं नाही, हे मी पोरांशी बोलून ठरवलं, त्याला चार वर्षं झाली. मी गुंडभर पाणी ओतलं, सुपातून ज्वारी दिली. घरात आले तर मुलगी म्हणाली, "आई, तुला तर हे पटत नाही ना?"

नाही पटत. बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा तयार झाला की आमच्या विदर्भात पाऊस येतो. देव आहे असं मी मानते, पण कोण किती विनवतो ते बघून तो आभाळ मोकळं करतो, हे माझ्या मनाला मानवत नाही.

२०१४ च्या जूनमध्ये पावसाने दडी मारली होती. ४५० ग्रॅमच्या पाच पिशव्या सरकी वावरात लावली आणि ती मातीतच गेली. दुबार पेरणीसाठी गळ्यातले सोन्याचे मणी मोडले. त्या पंधरवड्यात गावात ज्याने-त्याने आपापल्या परीने पाणी मागितलं. देवळातली महादेवाची पिंड पाण्यात बुडवून ठेवली. मुसलमान मंडळी तालुक्याच्या ईदगाहवर इस्तिस्काची नमाज पढून आली. ही खास पावसासाठीची नमाज. साध्या, जुन्या कपड्यांत उघड्या मैदानावर जायचं आणि पैगंबरांनी केलं तशी अंगावरची चादर उलटी करायची. आभाळाची तऱ्हाही अशीच पालटू दे, म्हणून.

आमच्या धुऱ्याला धुरा लागून असलेले काका बौद्ध आहेत. त्यांचे वडील १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात दीक्षाभूमीवर होते. काकांनी काहीच मागितलं नाही. मी विचारलं तेव्हा त्यांनी बुद्धाची एक गोष्ट सांगितली. असिबंधकपुत्त नावाच्या गामणीला, म्हणजे गावच्या मुखियाला, बुद्ध विचारतात : खोल डोहात धोंडा टाकला आणि काठावर जमून सगळ्यांनी हात जोडले, "धोंड्या, वर ये" म्हणून विनवलं, तर तो वर येईल का? गोष्ट मेल्यानंतरच्या गतीची आहे, पावसाची नाही. पण वाळलेल्या सरकीसमोर उभी असताना ती मला थेट लागली. त्या रात्री काकांनी त्यांच्या विहिरीचा पाइप माझ्या वावराकडे वळवला. अर्ध्या एकरातली पऱ्हाटी त्यावर तगली.

तेव्हापासून पावसाबद्दल कोणता धर्म काय म्हणतो, ते मिळेल तसं वाचते. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलातलं १०३ वं सूक्त बेडकांचं आहे. व्रत धरलेल्या ब्राह्मणांसारखे वर्षभर गप्प पडलेले बेडूक पाऊस आला की बोलायला लागतात. यहुदी लोकांत होनी नावाचा एक जण होऊन गेला. त्याने जमिनीवर रिंगण आखलं आणि पाऊस पडेपर्यंत यातून हलणार नाही, असं देवाला बजावलं. आधी थेंब पडले, तर म्हणाला हे नको. मग धो धो आला, तर म्हणाला हेही नको. बापाकडे हट्ट धरणाऱ्या लेकासारखा तो मागत राहिला. पिंड पाण्यात बुडवणाऱ्या आमच्या माणसांना हा होनी अगदी घरचा वाटेल.

एका गोष्टीशी मात्र माझं भांडण आहे. बायबलच्या जुन्या करारात देव सांगतो, माझ्या आज्ञा पाळल्या तर वेळेवर पाऊस देईन, नाही तर आभाळ बंद करीन. आमच्याकडेही म्हातारी माणसं म्हणतात, "पाप वाढलं, म्हनून पानी नाही." आमच्या आळीत एक बाई आहे, कर्जापायी तिच्या नवऱ्याने जीव दिला. तिच्यासमोर हे वाक्य बोललं गेलं तेव्हा मी तिच्या शेजारी बसले होते. कोणत्याही ग्रंथात असलं तरी मी ते मान्य करणार नाही. त्याच बायबलच्या नव्या करारात येशू म्हणतो, देव नीतिमानांवर आणि अनीतिमानांवर सारखाच पाऊस पाडतो. मी या बाजूची.

आणि मामाजींच्याही बाजूची. माझे सासरे शाळेत गेले नव्हते. २०१४ मध्ये मी धोंडीला हात लावायला तयार नव्हते, तेव्हा ते ओसरीवरून म्हणाले, "सूनबाई, पैसा मांगता येते एकट्यासाठी, पोरगं मांगता येते. पानी कसं मांगशीन? माह्याच वावरात पाड, असं कोनी म्हनते का देवाले?"

ढग सातबारा बघत नाही, हे मला तोपर्यंत सुचलंच नव्हतं. ईदगाहवरून आलेले शिंपीभाई "ताई, तुमच्या तुरीसाठीही दुवा मागितली" असं म्हणाले, ती नुसती समजूत नव्हती. माझं वावर सोडून त्यांच्या वावरात पाऊस मागायची सोयच नाही. काकांनी तर न मागताच पाणी दिलं.

मुलीला एवढं सगळं सांगायला जमलं नाही. म्हटलं, "धोंडी आपल्या एकट्यांची नसते गं." तिला ते पुरलं नाही, हे तिच्या तोंडावर दिसत होतं. तेवढ्यात पोरं परत आली. चौथ्या घरापर्यंत बेंडूक भिजून गळून पडलं होतं. ती उठली, अंगणातली माती कालवली आणि दुसरं करायला बसली.