शापित शवपेटी घडवताना: माझा अनुभव

आमच्या गटासाठी भीतीचा रोल-प्लेइंग गेम (खेळाडू एकेक पात्र होतात आणि एक जण, इथे मी, गोष्ट चालवतो असा खेळ) लिहायला घेतला, तेव्हा इजिप्तची शापित शवपेटी हवी हे ठरलेलं होतं. तूतनखामुन हा प्रसिद्ध इजिप्शियन राजा मात्र नको होता. त्याच्या थडग्यात शापाचा लेख सापडलाच नाही. त्या उत्खननाचा खर्च करणारे लॉर्ड कार्नार्वन १९२३ साली डास चावल्याची जखम चिघळून गेले, पण थडगं शोधणारे हॉवर्ड कार्टर १९३९ पर्यंत जगले. मला भीती हवी होती ती प्राचीन इजिप्तच्या श्रद्धेतूनच आलेली.

म्हणून आधी वाचत बसलो. शवपेटी मृताला पुन्हा जन्माला घालण्यासाठी असे आणि त्यासाठी तिच्यावर त्याचं नाव हवंच. नाव गेलं की माणूस कायमचा संपला. लिहिलेल्या अक्षरात जीव असतो, ही समजूत इतकी खोल होती, की मध्य राज्याच्या काळातल्या (सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या) काही पेट्यांवर चित्रलिपीतले साप मुद्दाम तुटके आणि पक्षी बिनपायांचे काढलेत. त्यांनी मृताला इजा करू नये म्हणून!

मग एकविसाव्या राजवंशातल्या (सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या) पेट्यांपाशी पोचलो आणि कथाच सापडली. त्या काळात थेबेसमध्ये (आजच्या लक्सरमध्ये) चांगल्या लाकडाची चणचण होती, त्यामुळे जुन्या पेट्या सर्रास पुन्हा वापरल्या जात. आतला मृत बाहेर काढायचा, पेटी नव्याने रंगवायची, नवं नाव घालायचं. बाईची पेटी पुरुषाला द्यायची तर छातीचा उठाव तासायचा आणि उघड्या पंजांच्या जागी मिटलेल्या मुठी बसवायच्या. हे वाचताना खरंच अंगावर काटा आला. जिला बाहेर काढलं, तिचं काय?

माझी पेटी तशीच केली. वरच्या रंगात पदिआमुन या पुरुषाचं नाव, त्याखाली झाकलेलं तेंतआमुन या बाईचं. दोन्ही पात्रं काल्पनिक, नावं मात्र त्या काळाला शोभणारी. स्थळ-काळासाठी खरी घटना मिळाली: देर अल-बहरीजवळच्या बाब अल-गसूस या सामुदायिक थडग्यात १८९१ साली पुजाऱ्यांच्या कुटुंबांचे दीडशेहून जास्त शवपेटी-संच सापडले आणि १८९३ मध्ये त्यांतले बरेच वेगवेगळ्या देशांना भेट दिले गेले. माझे खेळाडू गीझाच्या संग्रहालयात पेट्या खोक्यांत भरणारे कर्मचारी होते.

शापाचा नियम साधा ठेवला. जो पेटीला हात लावेल त्याच्या नावातलं एकेक अक्षर मी कॅरेक्टर शीटवरून (खेळाडूच्या पात्राची माहिती लिहिलेल्या कागदावरून) खोडरबराने पुसायचो. (शीट पेन्सिलीनेच भरून घ्या.) अक्षरं कमी होतील तशी माणसं त्याला विसरायची: आधी पहारेकरी, मग मुकादम, मग सख्खा भाऊ. अचानक अंगावर येणाऱ्या ममीपेक्षा हे किती तरी जास्त घाबरवतं, असं माझं ठाम मत झालंय.

खेळात वापरायला पेटीचं झाकण पुठ्ठ्याचं केलं. तेंतआमुनचं नाव ऑइल पेंटने काढून पूर्ण वाळू दिलं, त्यावर पिवळ्या पोस्टर कलरचा जाड थर आणि त्यावर पदिआमुन. ओल्या फडक्याने पुसलं की वरचा रंग निघतो, खालचं नाव राहतं. खेळाडूंना फडकं दिलं, ते कशासाठी हे सांगितलं नाही.

सुटकेचा मार्गही तिथल्याच रिवाजातला. थडग्यांवरच्या लेखांत येणाऱ्या-जाणाऱ्यांना विनंती असे, की मृताचं नाव घ्या आणि त्याच्यासाठी हजार भाकरी, हजार घडे बिअर असं मोठ्याने म्हणा. नुसतं म्हटलं तरी अर्पण पोचतं, अशी श्रद्धा होती. तो मजकूर मी आधीच एका शिलालेखाच्या कागदावर दिला होता.

मी ठरवलं होतं ते इतकंच, की वरचं नाव पुसून खालचं वाचलं की शाप सुटेल. पण 'पदिआ' एवढं पुसून झाल्यावर एका मैत्रिणीने फडकं थांबवलं. "आपण पुसलं तर हाही संपेल ना? यानं स्वतः थोडीच ती पेटी पळवली?" यावर बराच वेळ वाद झाला, फासे बाजूलाच राहिले. शेवटी त्यांनी पुसलेला भाग ब्रशने पुन्हा रंगवला, शेजारी तेंतआमुनचं नाव लिहिलं आणि दोघांसाठी भाकरी-बिअर म्हटली. मी तो शेवट मान्य केला आणि सगळ्यांची अक्षरं परत दिली.