पोर्ट उघडे असूनही न उघडलेला वाडा

सांगलीत राहणाऱ्या, स्थापत्य अभियांत्रिकीच्या एका निवृत्त प्राध्यापकांनी पाडून टाकलेल्या आपल्या वडिलोपार्जित वाड्याची मापे जपून ठेवली होती आणि त्यांवरून ओपनसिम्युलेटर या त्रिमितीय आभासी जग चालवणाऱ्या प्रणालीत तो वाडा पुन्हा उभा केला होता. त्यात दिंडी दरवाजा, चौक, ओसरी, माजघर आणि सागवानी तुळया होत्या, आणि २५६ मीटर लांब-रुंद अशा एका रीजनमध्ये, म्हणजे त्या जगातल्या जमिनीच्या एका चौकोनात, आजूबाजूची आळीही बसवलेली होती. सेकंड लाइफ या आभासी जगासाठी तयार झालेल्या व्ह्यूअरनेच, म्हणजे ते जग पाहण्याच्या प्रोग्रामनेच, या जगात शिरता येते. फरक एवढाच, की येथे सर्व्हर कोणत्याही कंपनीचा नसून सरांच्या देवघराशेजारच्या खोलीत चालणारा उबुंटूचा जुना संगणक आहे. घरातून वाडा उत्तम चाले. पुण्यातील त्यांच्या माजी विद्यार्थ्यांना आणि दुबईतील पुतण्याला मात्र आत येता येत नव्हते. मी घरे आणि लहान कार्यालये यांच्या नेटवर्कची कामे करतो, म्हणून ते काम माझ्याकडे आले. ते पूर्ण झाले, तरी त्याचा विचार थांबलेला नाही, कारण त्या एका लक्षणामागे अनेक दोष एकामागे एक उभे होते आणि त्यांतला पहिला तर बिघाडच नव्हता.

बाहेरून काहीच उघडत नाही अशी तक्रार आली, की मी पोर्टकडे, म्हणजे संगणकाच्या क्रमांक दिलेल्या दारांकडे, नंतर पाहतो. आधी राउटरच्या वॅनच्या, म्हणजे बाहेरच्या इंटरनेटच्या, बाजूचा पत्ता पाहतो. येथे तो १००.७२ ने सुरू होत होता. १००.६४ ते १००.१२७ हा पट्टा एप्रिल २०१२ मध्ये इंटरनेट कंपन्यांच्या अंतर्गत वापरासाठी राखून ठेवण्यात आला. इंटरनेटवरच्या पत्त्यांच्या जुन्या पद्धतीचे, आयपीव्ही४ चे, एकूण पत्ते सुमारे ४२९ कोटी आहेत आणि त्यांचा मध्यवर्ती साठा फेब्रुवारी २०११ मध्येच संपला, त्यामुळे कंपन्या एकाच सार्वजनिक पत्त्यामागे अनेक घरे बसवतात. एका पत्त्यामागे अनेक यंत्रे ठेवणे म्हणजे नॅट, आणि कंपनीच्या पातळीवरच्या या प्रकाराला कॅरियर-ग्रेड नॅट म्हणतात. अशा घरातून बाहेर जाता येते, पण बाहेरून आलेल्या पाकिटाला, म्हणजे माहितीच्या तुकड्याला, ते नेमके कोणत्या घराचे आहे हे कळण्याचा मार्गच नसतो. सरांनी आपल्या राउटरवर पोर्ट फॉरवर्डिंगचे, म्हणजे बाहेरून आलेले पाकीट घरातल्या कोणत्या संगणकाकडे द्यायचे याचे, नियम पुन्हा पुन्हा लिहिले होते आणि ते सगळे बरोबर असते तरी व्यर्थच होते, कारण दार त्यांच्या घरात नसून कंपनीच्या केंद्रात होते.

कंपनीच्या मदत क्रमांकावर प्रत्येक वेळी राउटर बंद करून चालू करण्याचा सल्ला मिळाला. ज्यांना वॅनचा पत्ता वाचता येत नाही अशा माणसांना या खुर्चीत बसवणे हा ग्राहकावर अन्याय आहेच, पण त्या माणसांवरही आहे. शेवटी कंपनीच्या स्थानिक तंत्रज्ञाने सरळ सांगितले, “सर, स्टॅटिक आयपी घ्यावा लागेल, त्याचे वेगळे पैसे पडतील.” सरांनी न बदलणाऱ्या सार्वजनिक पत्त्याचे ते पैसे भरले. जाहिरातीत ज्याला इंटरनेट म्हटले जाते ते घरगुती जोडणीत फक्त घेण्यापुरते असते आणि देण्यासाठी निराळी पावती फाडावी लागते, हे कोणतीही कंपनी जोडणी देताना सांगत नाही. याचा मला मनापासून राग आहे.

सार्वजनिक पत्ता मिळाल्यावर कंपनीचा फायबरचा डबा ब्रिज मोडमध्ये, म्हणजे पाकिटे नुसती पुढे देण्याच्या स्थितीत, टाकून घेतला, कारण तोही स्वतंत्र नॅट करत होता. यानंतर संकेतस्थळावरच्या पोर्ट तपासनिसाने ९००० क्रमांक उघडा असल्याचे दाखवले. सरांच्या चेहऱ्यावर समाधान दिसले, पण अशा तपासनिसांवर माझा विश्वास नाही. पाकिटे पाठवण्याच्या दोन पद्धती आहेत: टीसीपी पोच घेऊन पाठवते, यूडीपी पोचेची वाट पाहत नाही. बहुतेक तपासनीस फक्त टीसीपी तपासतात. ओपनसिम्युलेटरच्या स्टँडअलोन, म्हणजे सगळे एकाच संगणकावर चालणाऱ्या, मांडणीत ९००० हा एकच आकडा दोन निरनिराळी कामे करतो: लॉगिन आणि पोतांसारखी (वस्तूंच्या पृष्ठभागांच्या चित्रांसारखी) सामग्री टीसीपीवरून येते-जाते, तर वाड्यात चालणे, वळणे, वस्तू दिसणे हे मुख्यतः यूडीपीवरून होते. राउटरवर फॉरवर्डिंगचा नियम केवळ टीसीपीसाठी होता. तो दोन्हींसाठी केला, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर लॅपटॉप जोडला आणि लॉगिन केले. पट्टी पुढे सरकली, पासवर्ड मान्य झाला आणि रीजनशी जोडणी होण्याच्या टप्प्यावर सगळे पूर्वीसारखेच अडकले.

माझ्या व्यवसायातले अनेक जण अशा वेळी सर्व्हरलाच डीएमझेडमध्ये ठेवतात, म्हणजे सगळी दारे एकदम उघडतात आणि मग चालले तर कारण शोधत नाहीत. मला ते मान्य नाही. मी सर्व्हरवर टीसीपीडम्प लावला आणि लॅपटॉपवर वायरशार्क; दोन्ही साधने ये-जा करणारी पाकिटे दाखवतात. सर्व्हरवर लॉगिनची टीसीपी पाकिटे येऊन उत्तरे जाताना दिसत होती. त्यानंतर यूडीपीचे एकही पाकीट आले नाही. लॅपटॉपवर मात्र यूडीपीची पाकिटे निघत होती, आणि ती निघत होती १९२.१६८.१.२० या पत्त्याकडे. हा सरांच्या संगणकाचा घरातला पत्ता. मोबाइलच्या जाळ्यात या पत्त्याला काहीच अर्थ नाही.

हे असे का घडते, ते सरांना समजावून सांगताना मलाच ते अधिक स्पष्ट होत गेले. लॉगिन मान्य झाल्यावर सर्व्हर व्ह्यूअरला उत्तरात सांगतो की तुझे रीजन अमुक आयपी पत्त्यावर, अमुक पोर्टवर आहे. म्हणजे आपण बाहेरून कोठे दिसतो हे त्या जगाला स्वतःलाच माहीत असावे लागते. रीजनच्या फाइलीत एक्स्टर्नल होस्टनेम (बाहेरून दिसणारे नाव) या नोंदीपुढे सिस्टिमआयपी असे लिहिलेले होते. त्याचा अर्थ यंत्राने स्वतःचा पत्ता स्वतः शोधावा असा होतो, आणि नॅटमागच्या यंत्राला केवळ आपला घरातला पत्ताच सापडतो. मुख्य फाइलीत बेस होस्टनेमही १२७.०.०.१ असेच, म्हणजे यंत्राने स्वतःलाच दाखवणारा पत्ता, राहिले होते. दोन्ही ठिकाणी सरांचे डोमेन नाव लिहिले, सर्व्हर पुन्हा सुरू केला, आणि हॉटस्पॉटवरून मी दिंडी दरवाजातून चौकात पोहोचलो.

त्याच क्षणी आतल्या खोलीतून सर म्हणाले, “अहो, आता माझे बंद पडले!”

हे होणार याची मला कल्पना होती. आता सर्व्हर सर्वांनाच सार्वजनिक पत्ता सांगत होता, आणि घरातून त्या पत्त्याकडे गेलेले पाकीट राउटरने मागे वळवून घरातच आणायला हवे होते. कंपनीने दिलेल्या राउटरला ते जमत नव्हते. संगणकातल्या नावे आणि पत्ते यांच्या यादीत, म्हणजे होस्ट्स फाइलीत, नावापुढे घरातला पत्ता लिहिण्याचा उपाय येथे चालत नाही, कारण व्ह्यूअरला मिळतो तो नावाऐवजी आकड्यांतला पत्ता, आणि तो सर्व्हरने आधीच शोधून पाठवलेला असतो; तीच ओळ सर्व्हरच्या फाइलीत लिहिली, तर बाहेरच्यांनाही पुन्हा १९२.१६८ मिळू लागेल. म्हणून राउटर बदलला आणि हेअरपिनचे, म्हणजे पाकीट असे घरातच मागे वळवण्याचे, दोन नियम लिहिले. पहिला नियम पाकिटाचा मुक्काम बदलून ते सर्व्हरकडे वळवतो. दुसरा पाठवणाऱ्याचा पत्ता बदलून तो राउटरचा करतो, आणि तो अनेक जण विसरतात. तो नसेल, तर सर्व्हर सरांच्या दुसऱ्या संगणकाला थेट १९२.१६८.१.२० वरून उत्तर देतो, आणि व्ह्यूअर तर सार्वजनिक पत्त्याच्या उत्तराची वाट पाहत असल्याने ते टाकून देतो. दोन्ही नियम बसल्यावर घरातून आणि बाहेरून एकाच वेळी वाडा उघडला. दुबईहून पुतण्या आला आणि माजघरात कितीतरी वेळ काही न बोलता उभा राहिला.

आयपीव्ही६ मुळे, म्हणजे लांब पत्त्यांच्या नव्या पद्धतीमुळे, हे सगळे टळले असते का, असे सरांनी विचारले. नाही; या जगाच्या संदेशांत पत्त्यासाठी चारच बाइट ठेवलेले आहेत, त्यामुळे नवा लांबलचक पत्ता त्यांत मावतच नाही.

मला अजून विचार करायला लावणारा पर्याय वेगळा आहे. मुंबईतील एखादा लहान आभासी सर्व्हर भाड्याने घेऊन वायरगार्ड या प्रोग्रामच्या बोगद्याने, म्हणजे इंटरनेटवरून केलेल्या खासगी जोडणीने, तो घरच्या संगणकाला जोडला, तर बाहेरच्यांना दिसणारा पत्ता तेथला असतो. त्यामुळे स्टॅटिक आयपी लागत नाही आणि हेअरपिनचा प्रश्नही उद्भवत नाही. मात्र सरांनी घरात बसून ओसरीवर टाकलेले प्रत्येक पाऊल मुंबईला जाऊन परत येते. सरांनी तो तेव्हा नाकारला. वाडा आपल्याच घरात राहिला पाहिजे आणि आपल्याच घरातून उघडला पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. तो आग्रह मला पटला होता आणि आजही पटतो, पण त्यांच्या कंपनीने पुढे स्टॅटिक आयपी देणे बंद केले, तर या पर्यायाशिवाय दुसरा मार्ग उरणार नाही. त्यासाठी वायरगार्डच्या दोन्ही बाजूंच्या फाइली मी तयार करून सरांकडे देऊन ठेवल्या आहेत.