शेरूने मोजा गिळला
आज सकाळी शेरूने आईचा लोकरी मोजा गिळला, माझ्या डोळ्यांदेखत. दीड वर्षाचा लॅब्राडोर, तोंडात सतत काहीतरी हवंच. मी हात घालेपर्यंत घशाखाली गेलासुद्धा. शेजारच्या काकू काळजीने म्हणाल्या, मिठाचं पाणी पाज. मी नाही पाजलं, कुत्र्याला त्याने विषबाधा होऊ शकते. तशीच रिक्षा केली आणि डॉक्टर गाठले. पहिल्या एक-दोन तासांत वस्तू बहुधा पोटातच असते. आतड्यात अडकली की ऑपरेशनच. उलटी करवणाऱ्या इंजेक्शननंतर 10 मिनिटांत मोजा बाहेर आला, लाळेने चिकट, पिळलेला. टाच मात्र शाबूत.

आता माझ्या पायावर डोकं ठेवून झोपलाय. पावसामुळे चार दिवस त्याला नीट फिरवलं नव्हतं, ते मनाला लागून राहिलंय. उद्या पहाटे टेकडीवर नेणार, पाऊस असला तरी.