आमची वाटचाल: तण, तापमान आणि फवारणीची वेळ

ठाणे-बेळापूर औद्योगिक पट्ट्यातील कारखान्यांची आवारे, टाक्यांभोवतीची मोकळी जागा आणि गोदामांच्या कुंपणालगतच्या पट्ट्या तणमुक्त ठेवणे हा आमचा व्यवसाय आहे. रबाळ्यातील एका लहान गाळ्यातून पाठीवरच्या पंपांनिशी तो सुरू झाला. पहिली वर्षे कंत्राटे मिळवण्यात आणि थकलेली बिले वसूल करण्यात गेली. त्यात इतरांहून वेगळे असे काही नव्हते.

कामाची पद्धत बदलली ती एका तक्रारीमुळे. कूलिंग टॉवरच्या गळतीवर बारमाही वाढणारे तण जानेवारीत ग्लायफोसेट या तणनाशकाने साफ करपत असे. तेच औषध, तीच मात्रा आणि तोच माणूस असूनही ऑक्टोबरच्या उन्हात काही रोपे पिवळी पडत आणि थोड्याच दिवसांत बुडख्यातून पुन्हा फुटत. औषधात भेसळ आहे, असे एका ग्राहकाने सरळ सुनावले. आम्ही पाणी तपासले, कारण बोअरवेलच्या जड पाण्यातील कॅल्शियम ग्लायफोसेटला बांधून ठेवते. पानांवरची धूळही तपासली, कारण मातीचे कण त्याला घट्ट धरतात. दोन्ही गोष्टी सुधारल्या, तरी उन्हाळी दिवसांतला फरक पुरता गेला नाही.

मग वाचन सुरू झाले, आणि उष्णतेचे दोन परिणाम निरनिराळे आहेत हे ध्यानात आले. कोरड्या उष्ण हवेत फवाऱ्याचे थेंब लवकर सुकतात आणि ताणातल्या पानावरचा मेणाचा थर जाड होतो, त्यामुळे औषध आतच कमी जाते. याला प्रतिकारक्षमता, म्हणजे औषधाची नेहमीची मात्रा सोसून जगण्याचा आनुवंशिक गुण, म्हणता येत नाही. दुसरा परिणाम वनस्पतीच्या आत घडतो. काही तणांमध्ये औषधाचे विघटन करणारी विकरे (एन्झाइम) अधिक कार्यक्षम असतात, आणि तापमान वाढले की त्यांचा वेगही वाढतो. अमेरिकेतील पामर राजगिरा या तणात मेसोट्रायोन या तणनाशकाचा प्रभाव उष्णतेत घटतो, याचे एक कारण हेच आहे. ऑस्ट्रेलियात एकायनोक्लोआ कोलोना या भातातल्या ओळखीच्या तणाच्या प्रतिकारक्षम वाणांवर ग्लायफोसेट २० अंशांच्या तुलनेत ३० अंश सेल्सिअसला कमी चालल्याचे आढळले. मला सर्वांत रंजक वाटले ते कोनायझा कॅनाडेन्सिसचे उदाहरण. हे प्रतिकारक्षम तण ग्लायफोसेट पेशीतल्या रिक्तिकेत, म्हणजे साठवणीच्या पोकळीत, कोंडून ठेवते, जणू अडगळ माळ्यावर टाकावी तसे. पण थंडीत ही वाहतूक मंदावते आणि तेच रोप त्याच औषधाने मरते. जिथे औषधाचे लक्ष्य असलेले प्रथिनच उत्परिवर्तनाने बदललेले असते, तिथे मात्र हवामान पाहून असा फायदा सहसा मिळत नाही.

आमच्या आवारांतले तण खरोखर प्रतिकारक्षम आहे का, हे नुसत्या नजरेने ठरत नाही. त्यासाठी वाचलेल्या रोपांचे बी कुंड्यांत वाढवून, वेगवेगळ्या मात्रा देऊन, कधीच फवारणी न झालेल्या जागेतल्या रोपांशी तुलना करावी लागते. तेवढी सोय आमच्याकडे नाही, म्हणून तसा दावा आम्ही करत नाही. पण उन्हात अर्धवट वाचलेले रोप बी धरते आणि तशीच रोपे पुढच्या हंगामात वाढतात, एवढे कळल्यावर वेळापत्रक बदलायला प्रयोगशाळेच्या दाखल्याची गरज उरली नाही.

आता मुख्य फवारणी पावसाची उघडीप मिळताच, तण कोवळे असताना आणि जमिनीत ओल असताना होते. सकाळी दव सुकल्यावर पंप भरतात आणि ऊन तापण्याआधी काम थांबते. कामाच्या पत्रकावर तापमानाचा रकाना आहे. तणावर एकाच प्रकारे काम करणाऱ्या गटातले औषध वर्षानुवर्षे वापरत नाही. फेरतपासणीत जे हिरवे दिसेल ते फुलोऱ्याआधी हाताने उपटले जाते. गाजरगवत असेल तर हातमोजे घालूनच, कारण त्याने त्वचेला खाज सुटते.

ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने ग्लायफोसेटचा वापर पेस्ट कंट्रोल व्यावसायिकांपुरता मर्यादित करणारी अधिसूचना काढली, तेव्हा चौकशा वाढल्या. त्यांतल्या बऱ्याच जणांना कमी दरात दुपारची, एकाच फेरीतली फवारणी हवी होती. ती कामे आम्ही घेतली नाहीत. आमच्या दरपत्रकात फेरतपासणी आणि उपटणी यांचा खर्च धरलेलाच असतो आणि तो वगळून मिळत नाही.